एक अंश कुठून आला? व्हॅली कर्व्ह, हेडलाइट आणि एका सूत्राची वंशावळ

ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगच्या आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात ‘व्हॅली कर्व्ह’च्या प्रकरणात हे सूत्र असतंच:

ल = न × द² ÷ (१.५ + ०.०३५ × द)

ल म्हणजे वक्राची लांबी, न म्हणजे दोन उतारांमधला एकूण फरक, आणि द म्हणजे गाडी थांबवायला लागणारं अंतर. एवढा रस्ता चालकाला पुढे दिसायलाच हवा. परीक्षेत आकडे घालायचे, उत्तर काढायचं, पुढचा प्रश्न घ्यायचा. गेट देणाऱ्यांना तर हे तोंडपाठ असतं.

मी सिव्हिलची नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून प्रकाश आणि दृश्यमानतेच्या बाजूने रस्त्यांकडे आले, त्यामुळे माझी नजर आधी कंसातल्या आकड्यांवर जाते. १.५ कसले? ०.०३५ कसले? निसर्गाचे स्थिरांक म्हणावेत तर हे प्रकाशाच्या वेगासारखे नाहीत. म्हणजे ते कुणीतरी, कधीतरी, काहीतरी बघून ठरवलेले असणार. ‘पेट’ची तयारी करणारे बरेच जण विचारतात की संशोधनातली ‘गॅप’ शोधायची कशी. माझ्या मते त्याची एक साधी रीत म्हणजे एखाद्या रोजच्या वापरातल्या सूत्रातला एक आकडा उचलायचा आणि त्याची वंशावळ काढायची. आज या सूत्रावर ते करून बघू.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. दख्खनच्या पठारावरचा कुठलाही जुना रस्ता घ्या. तो ओढ्याकडे उतरतो, तळाशी मोरी किंवा फरशी पूल लागतो, आणि पलीकडे चढ सुरू होतो. हा जो खाली जाऊन वर येणारा खोलगट भाग, तो व्हॅली कर्व्ह. याच्या उलटा, टेकाडाच्या माथ्यावरचा, तो समिट कर्व्ह. माथ्यावर अडचण दिवसाही असते, कारण पलीकडचं दिसत नाही. खोलगटात दिवसा काहीच अडचण नसते. उतारावर असतानाच समोरचा अख्खा चढ आरशासारखा दिसतो, त्यावर चढणारी एसटीसुद्धा.

रात्री चित्र उलटतं. हेडलाइट गाडीला घट्ट बसवलेले असतात. गाडी उताराला लागली की झोतही उताराच्या दिशेने, म्हणजे खाली रोखलेला राहतो. रस्ता मात्र पुढे वर वळतोय. झोत जवळच रस्त्यावर आदळतो आणि त्यापलीकडचा चढ अंधारात राहतो. वक्र जितका आखूड आणि तीव्र, तितका झोत लवकर आदळणार. म्हणून वक्र लांबवायचा. वक्र लांबवायचा म्हणजे भराव घालायचा किंवा खोदायचं, आणि दोन्हीला पैसे लागतात. सूत्रातून येणारा प्रत्येक मीटर अंदाजपत्रकात जातो.

सूत्राची फोड सोपी आहे, अकरावीच्या गणितात होते. गाडी वक्राच्या सुरुवातीला उभी आहे असं धरा. वक्र पॅराबोला मानला, तर द अंतरावर रस्ता गाडीच्या मूळ रेषेपेक्षा न × द² ÷ २ल एवढा वर आलेला असतो. दिवा रस्त्यापासून उ उंचीवर आहे, आणि झोताचा वरचा काठ गाडीच्या रेषेपेक्षा α कोनाने वर जातो. तो काठ द अंतरावर उ + द × टॅन α उंचीवर पोचेल. दोन्ही उंच्या समान केल्या की ल निघतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत उ = ०.७५ मीटर आणि α = १ अंश धरतात. ०.७५ ची दुप्पट १.५. टॅन १ अंश म्हणजे ०.०१७५, त्याची दुप्पट ०.०३५. झालं, कंस सुटला.

उरतो खरा प्रश्न. दिवा पाऊण मीटरवर आणि झोत एक अंश वर, हे कुठल्या गाडीचं वर्णन आहे?

याच्या मागे जायचं तर रस्त्यावर दिवेच नव्हते तिथपर्यंत जावं लागतं. बोरघाटातला गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात १८३० मध्ये खुला झाला. त्या काळच्या रस्त्याची सगळी भूमिती बैलाच्या ताकदीवर बेतलेली असे. चढ किती तीव्र चालेल हा मुख्य प्रश्न. तळाशी वक्र किती लांब हवा, असा प्रश्नच नव्हता. बैलगाडी चालते माणसाच्या चालीने, आणि समोर म्हैस बसली असेल तर बैल आपणहून थांबतो. थांबण्याचं अंतर म्हणजे फार तर गाडीचीच लांबी. आपल्या जुन्या रस्त्यांवर फरशी पुलापाशी जो गचकन खड्डा लागतो, त्यात निष्काळजीपणापेक्षा त्या हिशोबाचा वारसा जास्त आहे. रस्ता रुंद झाला, डांबरी झाला, पण आखणी बऱ्याच ठिकाणी बैलाचीच राहिली.

वक्राची लांबी ठरवायची पहिली गरज रस्त्याला नाही, रेल्वेला पडली. आणि तीही दिसण्यासाठी नाही, धक्का कमी करण्यासाठी. १९०९ मध्ये डब्ल्यू. एच. शॉर्ट या इंग्लिश इंजिनिअरने रेल्वेच्या वळणांबद्दल एक कसोटी मांडली: केंद्रगामी प्रवेग एकदम अंगावर येता कामा नये, दर सेकंदाला त्यात एक फूट प्रति सेकंद वर्ग एवढीच वाढ व्हावी. भौतिकशास्त्रवाल्यांनो, हा ‘जर्क’, स्थानाचा तिसरा डेरिव्हेटिव्ह. आपल्याला बीएस्सीत तो एका ओळीत उरकतात, पण आगगाडीतल्या माणसाच्या पोटाला तो चांगला कळतो. व्हॅली कर्व्हची आपल्याकडची दुसरी कसोटी, आरामाची, याच घराण्यातली आहे. तिच्यात हा दर ०.६ मीटर प्रति सेकंद घन धरतात. फुटांत मोजलंत तर जवळजवळ दोन. मीटरच्या सूत्रांत असे फूट लपलेले सापडतात. पाऊण मीटर दिव्याची उंचीसुद्धा अडीच फुटांच्या अगदी शेजारी जाते. स्थिरांक ‘गोल’ दिसत नसेल तर तो जुन्या मापात बदलून बघा, बऱ्याचदा तिथे तो गोल निघतो आणि त्याच्या वयाचा अंदाज येतो.

भारतात मोटारीसाठी रस्ते हा विषय सरकारी कागदावर नीट आला तो १९२७ च्या जयकर समितीमुळे. मुकुंदराव जयकर पेशाने बॅरिस्टर. त्यांच्या समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला, त्यातून पेट्रोलवरच्या कराचा रस्ते निधी १९२९ मध्ये आला, आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही हेच जयकर. तिथल्या जयकर ग्रंथालयात बसून नेटचा अभ्यास करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ज्याच्या नावाच्या इमारतीत आपण बसलोय, त्याचं नाव देशातल्या रस्त्यांच्या इतिहासातही पहिल्या पानावर आहे!

आता दिव्यांकडे वळू, कारण गोष्टीचा गाभा तिथे आहे.

मोटारीला विजेचे दिवे आले आणि लगेच भांडण सुरू झालं: मला दिसायला हवं, पण समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. हेडलाइटचा सगळा इतिहास म्हणजे या भांडणातल्या तडजोडी. १९२०च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट आले, एक लांबच्यासाठी आणि एक खाली झुकवलेला. आपला अप्पर-डिप्पर तो हाच. अमेरिकेने १९४० च्या मॉडेलांपासून ‘सील्ड बीम’ दिवा सरसकट केला. काच, आरसा, फिलामेंट सगळं एकत्र बंद, आकार सात इंची गोल, प्रत्येक गाडीला तोच. युरोपने वेगळी वाट धरली. तिथे डिप्परच्या झोताला वरून कात्रीने कापल्यासारखा काठ देतात, काठाखाली लख्ख आणि वर जवळपास अंधार. १९५७ पासून तिथे असममित झोत आला, म्हणजे आपल्या कडेच्या बाजूला काठ थोडा वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खालीच राहतो. ढोबळपणे सांगायचं तर अमेरिकेने ‘दिसलं पाहिजे’ला थोडं जास्त माप दिलं, युरोपने ‘दिपता कामा नये’ला.

व्हॅली कर्व्हसाठी हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण खोलगटात आपल्याला गरज असते ती नेमकी आडव्या रेषेच्या वर सांडणाऱ्या प्रकाशाची. जुन्या सील्ड बीममधून तसा बराच प्रकाश सांडायचा. दिव्याच्या दृष्टीने ती गळतीच. पण रस्त्याच्या इंजिनिअरने तिच्यावर अख्खा वक्र उभा केला. अमेरिकेच्या मार्गदर्शिकांत एक अंशाचा नियम बसला तो या सील्ड बीमच्या काळात. तिथे दिव्याची उंची दोन फूट धरतात, कोन तोच एक अंश.

इथे एक तुलना करून बघण्यासारखी आहे. समिट कर्व्हच्या सूत्रातले अमेरिकी आकडे गाड्यांबरोबर बदलत गेले. चालकाच्या डोळ्यांची उंची १९४० मध्ये साडेचार फूट होती, १९६५ मध्ये पावणेचार झाली, १९८४ मध्ये साडेतीन. गाड्या बुटक्या होत गेल्या तसे आकडेही बसत गेले. रस्त्यावरची ‘वस्तू’ १९४० मध्ये चार इंचांची होती, पुढे सहा इंचांची झाली, आणि २००१ मध्ये एकदम दोन फुटांची. चार-सहा इंचांच्या वस्तूवर आदळून होणारे अपघात फारसे आढळत नाहीत, त्यापेक्षा पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसणं महत्त्वाचं, असा त्यामागचा विचार. म्हणजे माथ्यावरच्या सूत्राकडे दर पिढीत कुणीतरी पुन्हा बघितलं. खोलगटातला एक अंश मात्र तिथेही टिकला आणि इथेही. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या भौमितिक मानकांत आणि १९८३ च्या उभ्या वक्रांवरच्या खास प्रकाशनात हीच पद्धत आहे, आणि पाठ्यपुस्तकं अजून तीच शिकवतात.

दरम्यान दिवे कुठल्या कुठे गेले. हॅलोजन आले, मग झेनॉन, आता एलईडी. अमेरिकेत १९९७ पासून नियमांनी असे दिवे मान्य केले की ज्यांच्या झोताला दिसेल असा काठ असतो आणि त्यावरून दिवा जुळवता येतो. थोडक्यात, वर सांडणारा प्रकाश आटला. २००८ मध्ये टेक्सासच्या हॉकिन्स आणि गोगुला या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला: आजच्या दिव्यांना एक अंश लागू पडतो का? त्यांचं म्हणणं असं की कोन ०.७५ ते ०.९० अंश धरायला हवा. ऐकायला किरकोळ वाटतं. आकडे घालून बघू.

ताशी ८० किलोमीटरचा रस्ता, ३ टक्के उतार, मग ३ टक्के चढ. न = ०.०६. आपल्या मानकांप्रमाणे या वेगाला थांबण्याचं अंतर १२० मीटर. एक अंशाने वक्र येतो १५२ मीटरचा. आरामाची कसोटी लावली तर फक्त ६७ मीटर पुरतात, म्हणजे इथे निर्णय दिवाच घेतोय. आता कोन ०.९० केला तर १६४ मीटर लागतात, ०.७५ केला तर १८६. पाव अंशाला ३४ मीटर जास्तीचा वक्र. प्रश्न उलटा विचारा: १५२ मीटरचा वक्र आधीच बांधलेला आहे आणि गाडीचा दिवा ०.७५ अंशाचा आहे, तर दिसतं किती? १२० ऐवजी १०३ मीटर. म्हणजे १७ मीटर गायब, चार मोटारी एकामागे एक उभ्या करण्याइतके. ताशी ८० ला हे अंतर पाऊण सेकंदात कापलं जातं.

हे झालं अमेरिकेतल्या दिव्यांचं. आपल्याकडचे दिव्यांचे नियम युरोपच्या वळणाचे आहेत. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो म्हणून काठ डावीकडे वर चढतो, एवढाच फरक. या पद्धतीत डिप्परचा काठ आडव्या रेषेच्या वर नसतोच, तो साधारण १ टक्का खाली झुकवतात. पाऊण मीटरवरचा दिवा १ टक्का खाली झुकला तर सपाट रस्त्यावरही तो काठ ७५ मीटरवर जमिनीला टेकतो. त्याच १५२ मीटरच्या, नियमाप्रमाणे ‘सुरक्षित’ बांधलेल्या वक्रात काय होतं? मी वरच्याच समीकरणात α च्या जागी उणे १ टक्का घातलं. उत्तर आलं ४१ मीटर.

हा आकडा जरा जपून वाचायला हवा. काठाच्या वर अगदी ठार काळोख नसतो, आणि डावीकडचा चढता काठ कडेचं बरंच पुढचं दाखवतो. पण रस्त्याच्या मध्यावर आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला तीव्र प्रकाश साधारण इथे संपतो. आता याला प्रतिक्रियेच्या वेळेशेजारी ठेवा. आपली मानकं २.५ सेकंद धरतात. ताशी ८० ला २.५ सेकंदांत गाडी ५६ मीटर जाते. म्हणजे ४१ मीटरवर जे दिसलं, त्यासाठी पाय ब्रेकवर पोचायच्या आतच गाडी त्याच्यावर पोचलेली असते. वक्र मोजून बांधलाय, वेग मर्यादेत आहे, दिवा नियमाप्रमाणे आहे. तिघांपैकी कुणीही नियम मोडलेला नाही.

अप्पर लावला तर? मग एक अंश बऱ्यापैकी खरा ठरतो. म्हणजे सूत्र न बोलता असं धरून चालतं की खोलगटात चालक अप्परवर आहे, आणि समोरून कुणीच येत नाही. पण रहदारीच्या दुपदरी रस्त्यावर समोरून कुणी ना कुणी येतच असतं. ट्रकच्या मागे जी डिप्परची विनंती रंगवलेली असते, ती पाळणाऱ्या सभ्य चालकाला सूत्राने हिशोबातच धरलेलं नाही.

माझ्या मते सगळा गुंता इथे आहे. दिवा बनवणाऱ्यांनी समोरच्याचे डोळे वाचवण्यासाठी काठ खाली आणला आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. रस्ता आखणाऱ्यांनी एका काळच्या दिव्याचा कोन उचलला आणि तो स्थिरांक म्हणून ठेवून दिला. दोघांची मानकं वेगळी, समित्या वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. एकाचं चल दुसऱ्याच्या सूत्रात स्थिरांक होऊन बसलं. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये सगळेच टाकतात. शोधायची असेल तर अशी जागा शोधा.

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र भूमितीचा नाही, माणसाचा आहे. १९३८ मध्ये रोपर आणि हॉवर्ड या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी हेडलाइटमध्ये माणसाला किती लांबून दिसतं ते मोजलं. त्यांनी एक हुशारी केली. चालकाला काही न सांगता रस्त्यात अडथळा ठेवला आणि त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून कधी सुटतो ते टिपलं. मग तोच अडथळा, तोच चालक, पण या वेळी त्याला माहीत आहे की पुढे काहीतरी आहे. माहीत नसताना अडथळा ज्या अंतरावर कळला, ते अंतर माहीत असतानाच्या निम्मंच भरलं. दिवा तोच, डोळे तेच, फरक फक्त अपेक्षेचा.

प्रयोगाची मांडणी शिकायची असेल तर हे उदाहरण गाठीशी ठेवा. प्रयोगशाळेत बोलावलेल्या माणसाला ‘काही दिसलं की बटण दाबा’ म्हटलं की तो काहीतरी दिसायची वाटच बघत बसतो. त्याचं दिसणं हे रस्त्यावरचं दिसणं नसतं. आणि अशा प्रयोगात मिळतो एकच खरा क्षण, कारण दुसऱ्या फेरीला तो माणूस सावध झालेला असतो. एका चालकामागे एकच वापरण्याजोगी नोंद. सांख्यिकीच्या दृष्टीने डोकेदुखी, पण त्याला पर्याय नाही.

पुढे १९७७ मध्ये लायबोविट्झ आणि ओवेन्स यांनी ‘सायन्स’मध्ये यामागचं कारण मांडलं. आपली दृष्टी दोन कामं करते: वस्तू ओळखणं आणि दिशा सांभाळणं. अंधारात पहिलं काम पार ढासळतं, दुसरं फारसं ढासळत नाही. पट्टे दिसतात, कड दिसते, गाडी सरळ चालते, त्यामुळे चालकाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. वेग कमी करायची गरजच जाणवत नाही.

या विचाराने बघितलं तर ‘कॅट आय’चं एक अवघड रूप समोर येतं. यॉर्कशरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणारी ती छोटी काच खोलगटात फारच कामाची आहे. काठाच्या वर सांडलेला क्षीण प्रकाशही तिला पुरतो, आणि अंधारातला चढ ठिपक्यांच्या ओळीने उभा राहतो. पण ती दिशा दाखवते, वस्तू नाही. ठिपके दिसले की चालक निर्धास्त होतो, आणि म्हशीच्या पाठीवर काच बसवलेली नसते.

आपल्याकडे या चित्रात ऊस येतो. गाळप हंगाम म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने, रात्री लांब, आणि कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. अमेरिकेची दोन फुटांवरची ‘वस्तू’ म्हणजे पेटलेला लाल दिवा. आपली वस्तू म्हणजे मागे दिवा नसलेली, उसाने झाकलेली, चढावर रखडलेली ट्रॉली. ती रखडणारही नेमकी ओढा ओलांडून चढ सुरू होतो तिथेच, म्हणजे झोत जिथे पोचत नाही तिथे. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायची मोहीम दर हंगामात होते. मला ती वक्राच्या लांबीइतकीच इंजिनिअरिंगची गोष्ट वाटते, आणि पन्नास मीटर भराव घालण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

खोलगटात रस्त्याचे दिवे लावणं हाही एक उपाय आहे. अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत तर रस्ता उजळलेला असेल तर फक्त आरामाच्या कसोटीवर वक्र आखायची मुभा आहे. वरच्या उदाहरणात १५२ ऐवजी ६७ मीटर. पण ही मुभा घेतलेल्या रस्त्यावर वीज गेली तर काय, हे मुभा देणाऱ्याने भारनियमन बघितलं नसल्यामुळे लिहिलेलं नाही. पाण्याचा प्रश्न तर वेगळाच. वक्र लांबवला की तळाचा भाग जवळजवळ सपाट होतो आणि तिथे पाणी साचतं. मोरीची आखणी करणारा आणि वक्राची आखणी करणारा एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतात, पण तो आजचा विषय नाही.

यातून पीएचडीचा प्रश्न कसा काढायचा? ‘व्हॅली कर्व्हची सुरक्षितता’ हे सिनॉप्सिसचं शीर्षक होऊ शकत नाही, त्यात दहा प्रबंध मावतील. पण ‘भारतीय रस्त्यांवरच्या वाहनांमध्ये दिव्याची प्रत्यक्ष उंची आणि झोताचा प्रत्यक्ष कोन यांचं वितरण काय आहे’ हे होऊ शकतं. त्याला लागतं काय? एक सपाट जागा, एक भिंत, मोजपट्टी, लक्समीटर आणि गाडी दहा मिनिटं उभी करायला तयार असलेली माणसं. सूत्रात उ आणि α हे एकेक आकडे आहेत. रस्त्यावर त्यांचं वितरण आहे: स्कूटर, रिक्षा, हॅचबॅक, एसयूव्ही, ट्रक. त्या वितरणातल्या कुठल्या टोकासाठी वक्र बांधायचा हा निर्णय घेण्यासाठी आधी वितरण तर हवं.

आणि मोजताना गाडी रिकामी आहे की भरलेली ते लिहून ठेवा. डिकीत सामान आणि मागे तीन माणसं बसली की गाडीचं बूड दबतं, नाक वर होतं आणि झोतही वर जातो. अशा गाडीला खोलगटात जास्त लांबचं दिसतं, आणि समोरून येणारा तिला शिव्या घालतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, ते यासाठीच: भार वाढला की फिरवायचं, झोत खाली येतो. तुमच्या ओळखीतल्या गाडीवाल्यांना विचारून बघा, ते चाक कशाचं आहे. माझ्याकडे आतापर्यंत आलेलं सगळ्यात लोकप्रिय उत्तर आहे, ‘एसीचं असेल.’